तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या : पाइप क्लब नावाच्या संस्थेचा इतिहास

पाइप ओढणाऱ्यांचा क्लब ही काही ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या मातीतली गोष्ट नव्हे. कसारा लोकलमधून आटगावला उतरणाऱ्या माणसाच्या खिशात विडीचे बंडल निघेल, नाहीतर तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी निघेल. एखाद्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याकडे चिलीम सापडेल. मात्र धूर एकट्याने काढण्यापेक्षा चारचौघांत बसून काढण्यात गंमत आहे, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. शेकोटी पेटते, चिलमीत खडा बसतो, तळहातावर मळलेली तंबाखू वर येते, छापी भिजवून दांडीच्या टोकाला गुंडाळली जाते आणि चिलीम हातोहात फिरू लागते. बोलणी पावसाची, भाताची, मुलीच्या सोयरिकीची.

या बैठकीला ठरलेला वार, थोडी वर्गणी, एक नोंदवही आणि वर्षातून एक स्पर्धा जोडली की तिची संस्था होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला तशी ती झालीही. अमेरिकेत मिशिगन राज्यातले फ्लिंट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर, फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातले सँ-क्लोद हे कातकाम करणाऱ्या कारागिरांचे गाव आणि लंडन, या तीन ठिकाणांवरून तिचा माग काढता येतो. तिच्या वाटचालीत शिस्त, हौस आणि माणसांची माया आहे. त्याच वाटचालीत तोंडाचे आणि घशाचे कर्करोगही आहेत. इतिहास लिहायचा तर दोन्ही गोष्टी एकाच शाईने लिहायला हव्यात.

तंबाखूची सुरुवातच वादाने झाली. 1604 साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने धूम्रपानाच्या विरोधात एक जळजळीत पुस्तिका लिहिली. डोळ्यांना ओंगळ, नाकाला नकोशी, मेंदूला आणि फुप्फुसांना घातक अशी त्याची तक्रार होती. साधारण त्याच सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून आग्र्याला परतला. उत्तरेत तोवर न पाहिलेली तंबाखू त्याला विजापुरात मिळाली होती. जडावाचे काम केलेली लांब नळी, सोन्याचे भांडे आणि तंबाखू असा सगळा सरंजाम त्याने बादशहापुढे ठेवला. अकबराने दोन झुरके घेतले. हकीम पुढे सरसावला आणि त्याने पुढचा झुरका घेऊ दिला नाही. असद बेगने तिथे हकिमाशी वाद घातला, तो त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. बादशहाने पुन्हा नळी हातात धरली नाही, पण दरबारातले सरदार मात्र असद बेगकडे तंबाखू मागू लागले. पुढे 1617 मध्ये जहांगीरने धूम्रपानावर बंदी घातली. ती फारशी कुणी पाळली नाही.

लंडनमध्येही तेच झाले. पुस्तिका लिहिणाऱ्या जेम्सनेच 1619 मध्ये मातीचे पाइप घडवणाऱ्या कारागिरांच्या मंडळाला सनद दिली. राजाला धूर आवडत नव्हता, पण धंद्याला शिस्त आणि तिजोरीला महसूल हवा होता. तंबाखूच्या नळीभोवती उभी राहिलेली ही एक जुनी नोंदलेली संस्था. मात्र ती घडवणाऱ्यांची होती. ओढणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना यायला अजून तीन शतके जायची होती.

मधल्या काळात पाइप बदलला. मातीचा पाइप स्वस्त, पण हातातून पडला की संपला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सँ-क्लोदच्या कारागिरांच्या हाती ब्रायर आले. भूमध्य समुद्राच्या काठावर वाढणारे हे एक झुडूप आहे, वनस्पतिशास्त्रात एरिका आर्बोरिया. त्याच्या खोडाच्या बुडाशी, जमिनीत, लाकडाची एक घट्ट गाठ वाढते. ही गाठ खणून काढतात, तिचे ठोकळे करतात, कित्येक तास उकळतात आणि महिनोन्महिने सावलीत वाळवतात. इतके झाल्यावर ते लाकूड निखाऱ्यालाही दाद देत नाही. सँ-क्लोदचे लोक त्याआधी यात्रेकरूंसाठी लाकडी जपमाळा आणि तपकिरीच्या डब्या कातत असत. कातकामाचा हात बसलेला होता, त्यामुळे नवे लाकूड आले तेव्हा गावाला नवा धंदा शोधावा लागला नाही. पुढे सँ-क्लोद पाइपांची राजधानी म्हणून ओळखले गेले. 1966 मध्ये तिथल्या पाइप-कारागिरांनी आपला बंधुसंघ काढला. त्यात पाइप ओढणाऱ्यांनाही सभासद करून समारंभपूर्वक दीक्षा दिली जाते. कारागीर आणि ग्राहक एकाच मंडळात बसवण्याची ही कल्पना चांगली होती. कसब टिकवायचे असेल तर त्याची पारख असलेला माणूसही टिकवावा लागतो, हे त्या गावाने ओळखले.

अमेरिकेत गरीब माणसासाठी आणखी सोपा मार्ग निघाला. मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात 1869 पासून मक्याच्या कणसाचे पाइप बनतात. दाणे काढल्यावर उरलेला मधला भाग वाळवायचा, कोरायचा आणि त्याला दांडी बसवायची. अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर यांच्या तोंडात दुसऱ्या महायुद्धातल्या छायाचित्रांत दिसतो तो याच जातीचा पाइप.

आता फ्लिंट. 1908 मध्ये जनरल मोटर्स कंपनीचा जन्म या शहरात झाला. 30 डिसेंबर 1936 ते 11 फेब्रुवारी 1937 या काळात इथल्या कामगारांनी यंत्रांशेजारीच ठिय्या देऊन संप केला आणि कंपनीला त्यांची संघटना मान्य करावी लागली. गिरणगाव पाहिलेल्या मराठी वाचकाला हे शहर परके वाटणार नाही : पाळीचा भोंगा, डबा, युनियन आणि पाळी सुटल्यावर पाय टेकायला एक ठरलेली जागा. फ्लिंटमध्ये अशी एक जागा पॉल स्पॅनिओला यांच्या पाइपच्या दुकानात होती. दुकान 1928 चे. स्पॅनिओला तेव्हा पंधरा वर्षांचे होते. विक्रीबरोबरच तिथे मोडक्या पाइपांची दुरुस्तीही चाले. दांडी तुटलेली, भांड्याला चीर गेलेली, आतली काजळी दगडासारखी घट्ट झालेली, असे सगळे रुग्ण तिथे येत. दुकानाच्या नावातच ‘पाइपांचे इस्पितळ’ असे शब्द होते.

अशा दुकानांच्या आधाराने अमेरिकेत गावोगाव पाइप क्लब उभे राहिले. त्यांची घडण पाहिली तर कुठल्याही भजनी मंडळाच्या कार्यकर्त्याला ती ओळखीची वाटेल. महिन्यातून एक ठरलेली संध्याकाळ. जागा दुकानदाराची, कारण भाडे परवडत नाही. दुकानदाराचा त्यात फायदा असतो आणि तो कुणी लपवत नाही. प्रत्येकाने आपापल्या तंबाखूचा डबा आणून टेबलावर ठेवायचा, दुसऱ्याने त्यातली चिमूट घ्यायची आणि मत द्यायचे. व्हर्जिनियाची पाने गोडसर आणि पटकन तापणारी, बर्ली कोरडी, लटाकिया धुरावर वाळवलेली आणि उग्र. नवख्याला पाइप भरायला शिकवणे हे जुन्या सभासदाचे कर्तव्य. तळाशी सैल, मध्ये जरा दाबून, वरती घट्ट अशा तीन थरांत भरायचे. खाली घट्ट झाले की हवा येत नाही आणि वरती सैल राहिले की विस्तव टिकत नाही.

या क्लबांना एकत्र बांधणारी आंतरराष्ट्रीय संघटना 1949 मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षापासून जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा सुरू झाल्या. स्पर्धेत जोर, वेग, खर्च यांपैकी कशालाच किंमत नाही. प्रत्येकाला मोजून 3.3 ग्रॅम तंबाखू. पेटवायला एक मिनिट आणि दोन काड्या. त्यानंतर पुन्हा काडी नाही. ज्याचा पाइप सगळ्यांत शेवटपर्यंत धुमसत राहील तो विजेता. युरोपातल्या स्पर्धांत तंबाखू तीन ग्रॅम असते आणि सगळ्यांना सारखाच पाइप दिला जातो, म्हणजे महागड्या पाइपचा उपयोग शून्य.

दोनच काड्या का, हे जवळून पाहण्यासारखे आहे. पहिली काडी ओढली की वरची तंबाखू तडतडून फुलते, तिचे तंतू कडेच्या वर येतात आणि विस्तव बहुधा विझतो. मग लाकडी दांड्याच्या टोकाने ती काळी झालेली पापडी हलकेच दाबून सपाट करायची. दुसरी काडी गोल फिरवत संपूर्ण पृष्ठभागाला लावायची. इथून पुढे माणूस आणि विस्तव यांचा हिशेब सुरू होतो. जोरात ओढले तर भांडे तापते, तंबाखू भराभर जळते आणि जीभ चुरचुरते. हळू ओढले तर तळाशी ओल साठते आणि विस्तव गुदमरतो. राख वर साचली की ती विस्तवाचे पांघरूण होते, पण जास्त दाबली तर त्याच पांघरुणाखाली तो मरतो. बऱ्याच स्पर्धकांचा खेळ पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. उरलेले माना खाली घालून, खोलीत कुणाच्या खुर्चीचा आवाज झाला तरी दचकत, भांड्यातल्या मुगाएवढ्या ठिणगीला जपत बसतात.

1975 मध्ये सत्ताविसाव्या जागतिक स्पर्धेत विल्यम व्हार्गो यांनी 3.3 ग्रॅम तंबाखू 126 मिनिटे 39 सेकंद जिवंत ठेवली. तो विक्रम गिनीजच्या पुस्तकात गेला. व्हार्गो पाच वेळा जगज्जेते होते. त्यांचे गाव स्वार्ट्झ क्रीक, फ्लिंटच्या अगदी शेजारचे. 1977 पर्यंत पॉल स्पॅनिओला यांनीही त्यांची बरोबरी केली; स्पॅनिओला यांच्या तोवरच्या विजेतेपदांची वर्षे : 1951, 1966, 1970, 1973 आणि 1977. जगात इतके पाइप ओढणारे असताना दोन सर्वश्रेष्ठ खेळाडू एकाच मोटारगावाच्या परिसरात निपजावेत, हा योगायोग नव्हे. जिथे रोज बसायला जागा, शिकवायला माणूस आणि हरवायला शेजारी असतो तिथे खेळाडू तयार होतात. कोल्हापूरच्या तालमींना हे वेगळे सांगायला नको.

या संस्थेच्या इतिहासात 1964 हे वर्ष सर्वांत महत्त्वाचे. त्याआधी 1950 मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. 11 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सिगारेटवर सरकारी शिक्कामोर्तब झाले : ती कर्करोगाचे कारण आहे. मात्र त्याच अहवालात पाइप ओढणाऱ्यांच्या मृत्यूचे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा फारसे जास्त नसल्याचे म्हटले होते. पाइपमुळे ओठाचा कर्करोग होतो, हेही त्यात होते, पण लोकांनी सोयीचे तेवढे वाचले. सिगारेट सोडून माणसे पाइपकडे वळली. दुकानांत गर्दी झाली, क्लब भरले.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या पाइप-व्यापाऱ्यांनी ‘पाइप ओढणारा वर्षाचा मानकरी’ निवडायला सुरुवात केली. पहिला मान दूरचित्रवाणीवर इन्स्पेक्टर मेग्रेची भूमिका करणारे अभिनेते रूपर्ट डेव्हिस यांना मिळाला, दुसऱ्या वर्षी थेट पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांना. विल्सन यांच्या पाइपचा राजकीय उपयोगही मोठा होता. अडचणीचा प्रश्न आला की ते पाइप पेटवत आणि उत्तर तयार करायला वेळ मिळवत. न्यूयॉर्कमध्ये टॉम डन यांनीही 1964 मध्येच पाइप ओढणाऱ्यांसाठी एक अनियतकालिक काढले. मागेल त्याला ते पाठवले जाई आणि ज्याला जमेल त्याने देणगी द्यावी, एवढाच करार. देशोदेशींच्या क्लबांच्या बातम्या, वाचकांची पत्रे, जुन्या दुकानांच्या आठवणी असा मजकूर दाटीवाटीने छापलेला असे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचा एक क्लब या कागदांवर चालला. संस्थेला जोडून ठेवायला इमारतीइतकेच पत्रक लागते, हे आपल्याकडच्या ज्ञातिसंस्थांच्या मासिकांनीही सिद्ध केले आहे.

1964 च्या अहवालातली ती पाइपची सवलत पुढच्या संशोधनात टिकली नाही. पाइपचा धूर छातीत खोल ओढला जात नाही हे खरे, पण तो तोंडात घोळतो. ओठ, जीभ, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस या सगळ्या ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते. सिगारेट सोडून पाइपकडे आलेला माणूस तर जुन्या सवयीने धूर छातीत भरतोच. स्पॅनिओला 2013 मध्ये शंभराव्या वर्षी वारले, म्हणून पाइप निर्धोक ठरत नाही. क्लबाच्या बैठकीत अशा दीर्घायुषी माणसाचे उदाहरण हमखास निघते. लवकर गेलेल्यांची खुर्ची मात्र पुढच्या महिन्यात दुसऱ्याला दिलेली असते. 1941 मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या ओसरीवर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला तंबाखूच्या कुठल्याही रूपाबद्दल हळुवारपणे लिहिणे जड जाते. हा लेख या संस्थेच्या बांधणीचे कौतुक करतो, तिच्या तंबाखूचे नव्हे.

क्लबांना उतार सर्वत्र जवळपास एकाच काळात लागला. फ्लिंटमध्ये एके काळी जनरल मोटर्सचे सुमारे 80 हजार कामगार होते. कारखाने बंद होत गेले तशी पाळी सुटल्यावर टेकायला येणारी माणसेही गेली. ब्रिटनमधला वार्षिक मान 2003 मध्ये अभिनेते-लेखक स्टीफन फ्राय यांना मिळाला आणि तिथेच थांबला. तंबाखूच्या जाहिरातीविरुद्धच्या नव्या कायद्यात आपण अडकू, अशी आयोजकांना भीती वाटली. 1 जुलै 2007 पासून इंग्लंडमधल्या बंदिस्त सार्वजनिक जागांत आणि 2008 च्या आरंभापासून फ्रान्समधल्या कॅफेंत धूम्रपान बंद झाले. ज्या क्लबांची बैठक खानावळीच्या मागच्या खोलीत भरे, ते अंगणात आले. मिशिगनमध्ये 1 मे 2010 रोजी बंदी आली तेव्हा तंबाखूच्या खास दुकानांना त्यातून वगळले गेले. त्यामुळे दुकानाच्या आश्रयाने वाढलेली जुनी पद्धतच तिथे क्लबांच्या कामी आली. स्पर्धा थांबल्या नाहीत. युरोपात तीन ग्रॅमवर तीन तासांच्या पुढे गेलेले विक्रम नोंदले गेले.

आटगावात असा क्लब काढायचे कुणी मनावर घेतलेच, तर त्याच्या वाटेत काय काय आहे? 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे नियम कडक झाले आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 200 रुपयांपर्यंत दंड आला. समाजमंदिर, रेल्वे फलाट, छोटे हॉटेल, ग्रामपंचायतीचे सभागृह यांपैकी कुठेही बैठक भरवता येणार नाही. उरते एखाद्याच्या घराची पडवी. तंबाखूची जाहिरात करता येत नाही, म्हणजे स्पर्धेला तंबाखू कंपनीचा फलक आणि बक्षीस दोन्ही गेले. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूची टपरीही नको. हुक्का पार्लरवर तर महाराष्ट्राने 2018 मध्येच बंदी घातली. मुंबईतल्या कमला मिलच्या आवारातल्या हॉटेलांच्या आगीत 14 माणसे गेल्यानंतरचा तो निर्णय.

नोंदणीचा प्रश्न याहून अवघड. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि उद्देश त्यातल्या यादीत बसावा लागतो : धर्मादाय काम, विज्ञान, साहित्य, ललित कला, वाचनालय, वस्तुसंग्रहालय. धूर काढणे त्यात कुठेच बसत नाही. वस्तुसंग्रहालय बसते. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पानाचे डबे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर चिलमी, चंच्या, चकमकीच्या पेट्या, चुन्याच्या पितळी डब्या अजून माळ्यांवर पडून असतील. त्या वापरणाऱ्या पिढीतली माणसे कोणती डबी कुठल्या बाजारात घेतली, छापीला कसले कापड चाले, कोणत्या कामाच्या मोबदल्यात तंबाखू मिळे हे सांगू शकतात. फ्लिंटकरांनी दुकानात जसा पाइपांचा दवाखाना चालवला, तशी महिन्यातून एक संध्याकाळ या वस्तू गोळा करायला, पुसायला आणि त्यांची माहिती वहीत उतरवायला ठेवली, तर सात सभासद मिळायला आटगावात अडचण पडू नये. त्या कामासाठी काडी ओढण्याचीही गरज नाही.